कड खुडलेली अळमी

बस्त्यांवमामानं दिलेली अळमी कधी अख्खी नसायची. टोपलीत कितीही असोत, प्रत्येकीच्या छत्रीची कड एका जागी नखानं खुडल्यासारखी तुटलेली असायची. उंदरानं कुरतडली म्हणावं, तर उंदीर इतका शिस्तीचा नसतो. खुडलेला तो तुकडा आदल्या संध्याकाळी मामाच्या पोटात गेलेला असायचा. रात्र काढून सकाळी तो स्वतःच्या पायांनी दारात आला, की मग ती टोपली आमची. आणि दुसऱ्या कुणी काढलेली अळमी मात्र त्यानं लहानपणापासून तोंडात घातली नव्हती. कुणाकडे जेवायला बसला आणि पानात अळमी पडली, तर तो पान बाजूला सारून पेज मागायचा. यजमानाला राग यायचा. येईना का, याचं उत्तर ठरलेलं असायचं: माझ्या पोटाला विचारून ती काढलेली नाही.

अळमी म्हणजे अळंबी. हल्ली शहरात डब्यांत भरून मिळते ती मी खाल्ली आहे. कापूस चघळल्यासारखी लागते. मी म्हणते ती आमच्या मालवणी मुलखातली, वारुळावर उगवणारी, जमिनीत हातभर मुळी सोडलेली. श्रावणात मासे-मटण बंद, जीभ वखवखलेली, आणि नेमकी तेव्हाच ही उगवते. भाजल्या खोबऱ्याचं वाटप लावून रस्सा केला, की डोळे मिटून खाणाऱ्याला मटणच वाटावं. श्रावण मोडत नाही आणि जीभही उपाशी राहत नाही. देवाला हे सगळं कळत असणारच, पण तो बिचारा काही बोलत नाही. आम्हां हिंदूंच्या घरी ही सोय पोचवणारा माणूस ख्रिस्ती होता, याचंही कुणाला काही वाटत नसे. कच्ची वस्तू बाटत नाही, शिजवलेली बाटते, असं आमच्या सासूबाईंचं शास्त्र होतं, आणि त्या शास्त्रापुढे बोलायची कुणाची बिशाद नव्हती.

मी लग्न होऊन नांदगावाहून या गावात आले ती पन्नास सालानंतर लवकरच. जिल्हा तेव्हा रत्नागिरी होता. कुडाळहून मालवणला जाणाऱ्या रस्त्यापासून आत, डोंगराच्या कुशीला आमचं गाव. आमचे हे गावच्या शाळेत मास्तर. अंगाची हळदसुद्धा नीट उतरली नव्हती, तेव्हा एका सकाळी खळ्यात, म्हणजे अंगणात, एक उंच, जरासा वाकलेला माणूस येऊन उभा राहिला. नडग्यांवर काट्यांचे ओरखडे, गळ्यात काळ्या दोऱ्यात क्रूस, हातात काहीच नाही. मास्तरांकडे एखादी फुटकी पाटी असली तर हवी होती, म्हणाला. मी नवी नवरी असले तरी तोंडाची गप्प कधीच नव्हते. विचारलं, "मामानू, तुमी शिकूक लागलास काय?"

तो म्हणाला, "मी नाय गो. अळमी लिवता, मी वाचतंय."

मला वाटलं, माणूस जरा चळलेला दिसतो. सासूबाई आतून म्हणाल्या, दे त्याला पाटी, नाहीतर श्रावणात उपाशी मरशील. अशी आमची ओळख झाली. त्या दिवसापासून तो मला मास्तरनी म्हणायला लागला, ते शेवटपर्यंत.

हे लिहिणं-वाचणं काय ते मी पुढं त्याच्या घरी जाऊन पाहिलं. उन्हाळ्यात तो लोकांच्या बागांना दगडी गडगे, म्हणजे कुंपणाचे बांध, घालून द्यायचा आणि पावसाळ्यात स्वतःचा भात लावायचा. गडग्यांच्या कामामुळे डोंगरातली वीत न वीत जमीन त्याच्या पायाखालची. अळमी आणली, की एकेका वारुळावरची एक छत्री देठापासून मोडून तो पाटीवर ठेवायचा, आतली बाजू खाली, आणि वर करवंटी झाकायचा. सकाळी करवंटी उचलली की काळ्या पाटीवर बारीक पिठाची चक्राकार नक्षी उमटलेली असायची. चांगल्या अळमीचं पीठ गुलाबीसर. माळावर एक दिसायला अगदी तशीच पांढरी अळमी येते, तिला तो 'खोटी' म्हणायचा. तिचं पीठ हिरवट. ही युक्ती त्याला कुणी शिकवली नव्हती. तरुणपणी एकदा त्यानं भाकरीच्या तव्यावर अळम्या ठेवल्या आणि झोपी गेला. सकाळी तव्यावर नक्षी उमटलेली पाहून तो उकिडवा बसून बघतच राहिला, आणि त्याची बायको झाबेल तवा घाण केला म्हणून ओरडत राहिली. तव्यासाठी भांडण नको म्हणून पाटी आली.

पाटीनं एवढं सांगितल्यावर वर आणखी स्वतः खाऊन बघायची काय गरज, असं मी एकदा विचारलं. तेव्हा त्यानं आईची गोष्ट सांगितली, गडग्याचा दगड बसवता बसवता, माझ्याकडे न बघता. तो लहान होता. बाप कामासाठी गोव्यात. आईनं माळावरनं अळम्या आणल्या आणि रीतीप्रमाणे शिजताना भांड्यात चांदीचा रुपया टाकला. अळमी विषारी असली तर रुपया काळा पडतो, ही आमच्याकडची पक्की समजूत; घरोघरच्या बायका डोळे झाकून त्यावर विसंबायच्या. रुपया लखलखीत निघाला. आई आणि दोन्ही भावंडं पोटभर जेवली. बस्त्यांवला ताप होता, म्हणून त्याला पेजेवर ठेवलं होतं. तिघंही गेली. रुपया पुढं कित्येक वर्षं घरात होता.

"वशाड पडो त्या रुपयाक," तो म्हणाला. "रुपयाक पोट खंय आसा?"

दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो, हे झालंच. पण तसं पोळलेल्या माणसानं अळमीचं नाव टाकलं असतं. यानं उलट तिचा पिच्छाच पुरवला. एकेक जात ओळखायची, पाटीवर ठेवायची, मग चिमूटभर खायची आणि रात्र काढायची. दोनदा चांगलाच आजारी पडला होता, असं झाबेल सांगायची. तेही अभिमानानं नव्हे, कटकट केल्यासारखं. त्याचं म्हणणं एवढंच की, "चुकी करूची तर आपल्या पोटात करूची." दारात टोपली ठेवतानाचं त्याचं दुसरं वाक्य सगळ्या गावाला पाठ होतं: "आज माजा पोट, उद्या तुमचा ताट." गावातली पोरं ते गाण्यासारखं म्हणत त्याच्या मागून धावायची.

आमच्या गावाची देवी सातेरी. तिचं रूप म्हणजे राईतलं भलंमोठं वारूळ. श्रावणात त्या वारुळाच्या अंगाखांद्यावर अळम्या फुटतात, पण त्यांना कुणी हात लावत नाही, त्या देवीच्या. बस्त्यांवमामा मात्र पावसाचं इरलं पांघरून, वहाणा लांब काढून, राईच्या कडेला तासन् तास बसायचा. ख्रिस्ताव आपल्या देवीच्या दारात काय करतो, अशी कुजबुज झाली. शेवटी गावच्या मानकऱ्यांनी त्याला बोलावून विचारलं. त्यानं सरळ सांगितलं, की बाकी डोंगरात अळमी दिसली रे दिसली की लोक उपटतात, त्यामुळे ती म्हातारी झालेली कुणी बघितलेलीच नसते. इथं ती जन्मते, फुलते, काळी पडते, पाणी होऊन जाते, आणि मला ते सगळं बघायला मिळतं. "माका शाळा खंय होती? हीच माजी शाळा," म्हणाला. मानकऱ्यांनी थोडा विचार केला आणि लांब बसत असशील तर बस म्हणून सांगितलं. आमच्याकडे अशी भांडणं अशीच मिटतात, फार लांबवली जात नाहीत.

सासूबाईंचं आणि त्याचं वाजलं ते वन्संच्या सासरच्यांवरून. माझी नणंद नुकतीच सावंतवाडीकडे दिलेली. तिचे सासरे आणि चुलतसासरे पहिल्यांदाच आमच्याकडे आले, एका रात्रीचा मुक्काम. सकाळच्या गाडीनं परत जायचे. आमच्याकडच्या अळम्यांची कीर्ती त्यांनी ऐकलेली, आणि तसं त्यांनी बोलूनही दाखवलं. सासूबाईंनी मला टाकोटाक मामाकडे पिटाळलं. टोपली त्याच्या ओटीवर समोरच होती, दुपारी काढलेली, ताजी, पांढरी फटफटीत. तो म्हणाला, उद्या. मी म्हटलं, पाहुणे उद्या जाणार. तो म्हणाला, मग त्यांना थांबायला सांग. मी विनवण्या केल्या, झाबेलनंही माझी बाजू घेतली, पण हा बाबा टोपलीवर पान झाकून मोकळा. तुलाही दिसतंय, मलाही दिसतंय की या चांगल्या आहेत, पण माझ्या पोटाला अजून दिसायचंय, असं काहीतरी पुटपुटला. मी हात हलवत परत आले.

पाहुण्यांना त्या रात्री काळ्या वाटाण्याचं सांबार मिळालं. ते बिचारे हसत जेवले, पण सासूबाईंच्या तोंडाला रंग उरला नाही. पाहुणे सकाळी गाडीत चढले आणि तासाभरात मामा टोपली घेऊन हजर. एकूण एक अळमी चांगली, प्रत्येकीची कड खुडलेली. सासूबाईंनी टोपलीकडे पाहिलंसुद्धा नाही. "ह्या बस्त्यांवान माका पाव्हण्यांसमोर तोंड दाखवूक जागा ठेवल्यान नाय," एवढं भिंतीला सांगून त्या आत गेल्या. मी मुकाट्यानं रस्सा केला. जेवताना त्यांनी दोनदा घेतला, वाया कशाला घालवायचा म्हणून. पण मामाशी बोलणं बंद, ते पुढचा श्रावण येईपर्यंत. मला मात्र तेव्हा दोघांचाही राग आला होता. अळम्या चांगल्या निघाल्या, मग अडलं कुठं, असं मी मामाला तोंडावर विचारलं. त्यानं खांदे उडवले. चांगल्या निघाल्या हे आज कळलं, म्हणाला; काल कळलं नव्हतं.

हळूहळू खुडलेल्या कडेची महती गावाबाहेर गेली. देवबागेहून सुकी मासळी घेऊन येणारी बाई श्रावणात मासळीच्या बदल्यात बस्त्यांवची अळमी मागून न्यायची, आणि कड चाचपल्याशिवाय टोपलीत टाकायची नाही. मग व्हायचं तेच झालं. कुडाळच्या आठवड्याच्या बाजारात एकजण कुठल्याही अळम्या आणून, त्यांच्या कडा खुडून विकायला बसला. मामाच्या कानावर आलं तसा तो पावसातून चालत कुडाळला गेला. ओरडला नाही की काही नाही. त्या माणसासमोर उकिडवा बसला आणि त्यानं एवढंच विचारलं, की हे खुडलेले तुकडे कुठं आहेत? तुझ्या पोटात? तो माणूस गडबडला. गिऱ्हाइकं थबकली. मामा तिथंच बसून राहिला, त्या माणसानं टोपली उकिरड्यावर पालथी करेपर्यंत. हे आम्हांला दुसऱ्यांकडून कळलं. मामानं घरी सांगितलं ते फक्त कुडाळात चिखल फार झालाय एवढंच.

त्याच्यात दोष नव्हते असं नाही. चिकट तर इतका, की अळम्यांच्या जागा त्यानं झाबेललाही दाखवल्या नाहीत. अळमीकडे बोट दाखवलं की ती कुसते, सडते, अशी आमच्याकडे समजूत. तो म्हणायचा, कुसत नाही, दुसऱ्याला दिसते. सकाळी डोंगरात जाताना कुणी मागं लागलं तर हा मुद्दाम उलट्या दिशेला जाऊन काजूच्या बागेत बिडी ओढत बसायचा. आणि नाकावर राग. नशीबवान आहेस बाबा, तुलाच बऱ्या सापडतात, असं कुणी म्हटलं की दोन दिवस त्या घराला अळमी बंद.

गोवा मोकळा झाल्यानंतर दोन-तीन वर्षांनी झाबेल गेली. मूलबाळ नव्हतंच. मामा आता एकटा राहिला, आणि मला एक गोष्ट दिसायला लागली. तो अळमी डोळ्यांजवळ नेऊन बघायचा, मग ओठाला लावून बघायचा. उजेडात पाटी तिरपी करून कितीतरी वेळ धरायचा. डोळ्यांत सारा, म्हणजे मोतीबिंदू, आला होता, दुधाच्या सायीसारखा. झाबेल होती तोवर पाटीचा रंग तीच सांगायची, हे मला मागून समजलं. मी म्हटलं, मामानू, रोज सकाळी मी येऊन बघत जाईन.  आणि जात राहिले. सांगते तसं सोपं नव्हतं ते. घरातली कामं, दोन मुलं, सासूबाई. पण सगळं गाव त्याच्या शब्दावर जेवत होतं आणि त्याला रंग दिसत नव्हता. 

त्या वर्षी आमची लेक शालू टायफॉइडातून उठली होती. नुसती हाडं राहिली होती. तोंडाला चव नाही, पुढं केलेलं ताट परत सारायची. डॉक्टर म्हणाले, आता मागेल ते द्या. तिनं अळमी मागितली. मामाला निरोप गेला, आणि त्याच पावसात तो डोंगरात गेला. आमच्या शालूसाठी म्हणून गेला. संध्याकाळी शेजारच्या मुलाकडून सांगावा धाडला, की मिळाल्या आहेत, उद्या आणतो.

सकाळ झाली, ऊन वर आलं, मामा आला नाही. शालूनं दोनदा विचारलं. सासूबाई म्हणाल्या, म्हातारा झोपला असेल, जा, ओटीवरून टोपली घेऊन ये. तशी ती पद्धतच पडली होती आता; त्याला चालणं जड व्हायला लागल्यापासून लोक स्वतःच जाऊन त्याच्या ओटीवरून टोपली उचलायचे. मी निघाले. पाटी बघायची होतीच.

लांबूनच मला तो दिसला. ओटीच्या पायरीवर बसला होता, टोपली पालथी घालून तिच्यावर. अंगावरचा सदरा घाण झालेला, तोंड राखेसारखं, दोन्ही हात पोटावर दाबलेले. मी धावत गेले तसा त्यानं एक हात वर केला.

"हात लावू नको गो. खोटी आसा." श्वास घेऊन पुन्हा म्हणाला, "कोणी येयत नि घेवन जायत, म्हणान बसान ऱ्हवलंय."

रात्रभर उलट्या-जुलाब झाले होते. घरात उभं राहण्याचं त्राण नव्हतं. तरी पहाटे लोक पाण्याला निघायच्या आत हा माणूस सरपटत ओटीवर आला होता आणि टोपली अंगाखाली घेऊन बसला होता. आत पाटी पडली होती. मी उचलून पाहिली. नक्षी स्वच्छ उमटलेली होती, आणि हिरवी होती. कुणालाही दिसावी अशी हिरवी. मी तिथंच रडायला लागले. शालूच्या त्या वाळक्या अंगात हे गेलं असतं तर, याशिवाय दुसरं काही मला सुचत नव्हतं.

बैलगाडीतून त्याला रस्त्यापर्यंत आणि मग एका ट्रकमधून कुडाळच्या दवाखान्यात नेलं. ह्यांनी तिथं मुक्काम केला. सासूबाई स्वतः पेज घेऊन गेल्या, आयुष्यात पहिल्यांदा एसटीत बसून, आणि ख्रिस्तावाच्या खाटेशी बसून त्याला चमच्यानं पेज भरवून आल्या. तिथं काय बोलल्या ते मला माहीत नाही. परत आल्यावर म्हणाल्या, वन्संचे सासरे आले होते त्या दिवशी यानं टोपली दिली असती तर आपणही त्याला रोज घाई करायची सवय लावली असती. एवढं बोलून त्या देवापाशी जाऊन बसल्या.

मामा वाचला. परत आला तो अर्धा होऊन. अंगात बळ येताच त्यानं काठी घेतली आणि घरोघर फिरला. प्रत्येक दारात उभं राहून सांगायचा, की आजपासून माझ्या हातची अळमी घेऊ नका. लोकांनी समजूत घातली. एवढ्या वर्षांत एकदा चुकलं, ते कुणाचं चुकत नाही? आणि चूक तर तुझ्याच पोटात राहिली की, कुणाला कुठं बाधली? आमच्या खळ्यात सासूबाईंनीही हेच म्हटलं. तो म्हणाला, "वयनी, पोट बरा झाला. डोळे बरे होवचे नाय."

मला सांगायला हवं, की कुठलाही माणूस मरताना पाहणं मला इतकं जड गेलं नाही, जितकं त्याला त्या सकाळी आमच्या खळ्यातून काठी टेकत पुढच्या घराकडे जाताना पाहणं गेलं. गावात त्याची शेती कुणाहून जास्त नव्हती, घर कुणाहून मोठं नव्हतं. त्याच्याजवळ होता तो एक शब्द, आणि तो त्यानं स्वतः दारोदार फिरून परत घेतला.

पुढच्या श्रावणात गावात अळमी शिजली नाही. त्याच्या पुढच्या वर्षी, पहिला पाऊस ओसरून ऊन-पावसाचा खेळ सुरू झाल्यावर, मीच त्याच्याकडे गेले आणि म्हटलं, मामानू, जागा दाखवा. मला वाटलं होतं, चिडेल.  तो काठी घेऊन उठला. डोळ्यांनी आता फक्त उजेड आणि सावली कळायची, पण पायांना सगळं ठाऊक होतं. माझ्या खांद्यावर हात ठेवून तो मला डोंगरात घेऊन गेला. इथं किंजळीचं झाड असेल, त्याच्या खालच्या अंगाला बघ. इथं मोडका गडगा आहे, मीच घातलेला, त्याच्या पलीकडे बघ. ज्या जागा त्यानं झाबेललाही दाखवल्या नव्हत्या, त्या त्या पावसात मला एकेक करून दिल्या. त्याच्या डोळ्यांतून पाणी येत होतं, पण ते साऱ्यामुळंही येई, म्हणून मी काही विचारलं नाही.

मी अळम्या काढल्या. घरी येऊन पाटीवर ठेवल्या. आणि संध्याकाळी कडा खुडायला बसले, तर हा आमच्या ओटीवर बसून म्हणतो कसा, खुडलेलं माझ्याकडे दे. "डोळे गेले तरी पोट आसा मां माजा. माजा काय आता, तुका पोरां आसत."

सासूबाई आतून म्हणाल्या, त्याला नको, मला दे, माझंही पिकलं पानच आहे. हेही वर्तमानपत्र खाली ठेवून माझ्याकडे बघत राहिले. मलाही भीती वाटत होती, खोटं कशाला बोलू? मुलं आत अभ्यास करत होती. पण मी म्हटलं, मामानू, जो काढता तो खाता, ही तुमचीच रीत. आणि मूठभर तुकडे फोडणीत परतून त्याच्या समोरच खाल्ले. तो उठून गेला.

सकाळी मी उठून पहिल्यांदा पाटी पाहिली. गुलाबी. दोनदा उजेडात नेऊन पाहिली, मग शालूलाही दाखवली. चूल पेटवली, विहिरीवर जाऊन कळशी भरली, आणि परत येते तर शेताच्या मेरेवरून, बांधावरून, मामा येताना दिसला. डोक्यावर इरलं, पाय चिखलानं भरलेले, काठीनं मेर चाचपत, एकटा. एवढ्या पावसात त्या मेरेवरून आम्ही डोळे असून जपून चालायचो. खळ्याच्या पायरीशी येऊन तो थांबला. मी समोरच उभी होते, पण त्याला दिसत नव्हते.

"गो मास्तरनी," त्यानं हाक मारली. "आसंस काय गो?"

"आसंय, मामानू."

त्यानं काठी खाली टाकली आणि पायरीवर बसला, आणि डोकं खाली घालून हुंदके देऊन रडला. त्याला रडताना मी पहिल्यांदाच पाहिलं. मी कळशी घेऊन तशीच उभी. सासूबाई बाहेर आल्या, त्याच्याकडे पाहिलं, आणि मला म्हणाल्या, बघतेस काय, वाटप घाल.

तो त्याचा शेवटचा श्रावण. पुढच्या उपवासाच्या दिवसांत, ईस्टरच्या आधी, झोपेतच गेला. कुडाळहून आलेल्या ख्रिस्ती माणसांपेक्षा गावातलीच माणसं त्याच्या मातीला जास्त होती. पण मला तो आठवतो तो त्या दुपारचा. सासूबाईंनी त्याला आत बोलावलं, ओटीवर नव्हे, माजघरात, ह्यांच्या शेजारी पाट मांडून. जेवायला बसण्याआधी त्यानं उरलेल्या कच्च्या अळम्यांची टोपली मागितली. एकेक उचलून छत्रीच्या कडेवरून अंगठा फिरवला, खुडलेली जागा सापडली की खाली ठेवायचा, पुढची उचलायचा. एकही सोडली नाही. मग ताट पुढं ओढलं.

आईच्या भांड्यातला रुपया लखलखीत निघाला त्यानंतर दुसऱ्याच्या हातची अळमी त्याच्या तोंडात गेली ती त्या दिवशी. आम्ही सगळे घास थांबवून बघत होतो. त्यानं सावकाश चावलं आणि गिळलं.

"मीठ वायच कमी पडला," तो म्हणाला, आणि ताट माझ्या दिशेनं सरकवलं. "आजून वाड."